हरणाच्या शिकारीत या चुका टाळा: रायफल ५०० यार्ड मारेल हो, तुम्ही किती माराल?

दरवर्षी ऑक्टोबर लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले. आपलाच कोणी मराठी पोरगा असतो, फिलाडेल्फिया नाहीतर पिट्सबर्गकडचा, ग्रीन कार्ड नुकतंच हातात पडलेलं, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालेला, लायसन्स काढलेलं, आणि पहिला प्रश्न काय तर "दादा, कुठली रायफल घेऊ? ५०० यार्डपर्यंत मारणारी पाहिजे." अरे बाबा, पेनसिल्वेनियाच्या जंगलात ५०० यार्डांवरचं दिसतं तरी का? हेमलॉकची गर्दी, खाली माउंटन लॉरेलची कमरेएवढी झुडपं, बहुतेक हरणं मी १०० यार्डांच्या आत पाहिलीत आणि त्यातली निम्मी मी घोडा ओढायच्या आत गेलीत सुद्धा. पण व्हिडिओ बघून आलेल्याला हे सांगून पटत नाही.

आधी एक गोष्ट, नाहीतर गैरसमज होतो. हे सगळं इथलं, अमेरिकेतलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट मारणं गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे, "सुट्टीत गावाकडे जमेल का" असं कोणी विचारलं तर मी फोन ठेवून देतो. इथे गोष्ट उलटी आहे, लांडगे आणि प्यूमा शंभर वर्षांपूर्वीच संपवून टाकले, त्यामुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आवाक्यात ठेवायला राज्य सरकारच टॅग, म्हणजे हरीण मारायचा परवाना-चिठ्ठी, देतं. (व्हिसावर असाल तर अजून वेगळं. नॉन-इमिग्रंट माणसाला बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे, हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे, पण ते वकिलाला विचारून करा, मला विचारून नाही.)

आता चुका.

बेंचवर बसून स्वतःला नेमबाज समजणं

माझी सगळ्यात नावडती चूक ही, त्यामुळे यावर जरा जास्त बोलणार आहे.

रेंजवर काय होतं बघा. छान सिमेंटचं टेबल, बसायला स्टूल, पुढे वाळूची पिशवी, मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी, ऊन पडलंय, टी-शर्ट घातलाय, घाई कसलीच नाही. तीन गोळ्या १०० यार्डांवर एक इंचात बसतात. त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा, सासरे थम्स-अप टाकतात, झालं, साहेब तयार. हे रायफलचं प्रगतिपुस्तक आहे, तुमचं नाही. रायफल पास झाली एवढंच त्यातून कळलं.

जंगलात टेबल नसतं. तिथे पहाटे चारला उठून, अंधारात डोंगर चढून, घामाने बनियन भिजून, मग तीन तास एका ओंडक्यावर बसून थंडीने बोटं लाकूड झालेली असतात, अंगावर दोन इंच जाड कोट, ज्याने दस्ता खांद्यात नेहमीच्या जागी बसतच नाही, आणि हरीण येतं ते नेमकं उजव्या खांद्यामागून, जिथे वळायला आधी अर्ध उठावं लागतं. छाती अशी धडधडते की स्कोपमधलं क्रॉसहेअर (नेमाची फुली) हरणावर नाही, हरणाच्या आजूबाजूच्या सगळ्या तालुक्यात फिरतं. याला इथले लोक बक फीव्हर म्हणतात (बक म्हणजे नर हरीण), वीस-वीस वर्षं शिकार केलेल्यांनाही येतो, येत नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

गणित सोपं आहे. हरणाच्या छातीत फुफ्फुसं आणि हृदय मिळून मारायची जागा साधारण ८ इंचांचा गोल, म्हणजे छोटी पेपर प्लेट. तुमच्या गोळ्या उभ्याने १०० यार्डांवर ८ इंचांत पसरत असतील तर २०० वर त्या १६ इंचांत पसरणार, म्हणजे बाकीच्या पोटात, पायात नाहीतर हवेत. त्यात गोळी खाली येते ते वेगळं. माझ्या .३०८ रायफलची १५० ग्रेन वजनाची गोळी १०० ला झीरो केली (म्हणजे नेम धरला तिथेच लागेल असा स्कोप जुळवला) तर २०० ला चारेक इंच खाली आणि ३०० ला चौदा-पंधरा इंच खाली लागते. बाजूने ताशी १० मैलाचा वारा असला तर ३०० ला सातेक इंच सरकवतो. म्हणजे नेम अगदी बरोबर धरूनही प्लेटच्या बाहेर.

मी काय करतो? ऑगस्टपासून पेपर प्लेट. गोल आठ इंचाचाच कापून घेतो, नवव्या इंचाची सवलत स्वतःला द्यायची नाही. हंटिंगचा कोट आणि हातमोजे घालून, हो, ऑगस्टमध्ये, रेंजवरचे लोक हसतात, हसू दे. वीस उठाबशा काढायच्या, दम लागला की ५० यार्डांवर उभ्याने, मग गुडघ्यावर, मग बसून काठ्यांच्या आधाराने. पाचातल्या पाच प्लेटमध्ये बसल्या तरच २५ यार्ड मागे. चार बसल्या तर नाही बसल्या. जिथे पहिली बाहेर गेली त्याच्या अलीकडचा टप्पा तुमचा. शिवाय प्रत्येक वेळी रेंजवर गेल्यावर पहिली गोळी, थंड नळीची, ती वेगळी लिहून ठेवतो कारण हरणाला तीच लागणार आहे, तिसरी नाही.

माझे आकडे ऐकायचेत? उभ्याने ६० यार्ड. बसून काठ्यांवर १७५. बस. पंधरा वर्षं झाली तरी एवढेच. हे मास्किंग टेपवर लिहून दस्त्यावर चिकटवलंय, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही, वाचता मात्र येतं. वारा असला, उजेड कमी असला किंवा धावत-पळत पोचलो असलो तर त्यातलेही अर्धे.

महाग गोळ्या परवडत नाहीत ही सबब मला सांगू नका, .२२ ची, स्वस्त गोळ्यांची छोटी रायफल घ्या आणि २५-५० यार्डांवर उभ्याने रोज झिजवा. आणि घरी रिकाम्या रायफलीने ट्रिगरची प्रॅक्टिस, काडतुसं दुसऱ्या खोलीत, तीनदा तपासून. बायको म्हणते बेसमेंटमधून टक-टक येतं ते घड्याळ आहे का तू.

"एवढंच तर आहे" म्हणून मारणं, आणि मारल्यावर लगेच धावणं

हे मी दुसऱ्याचं नाही, माझंच सांगतो.

माझा तिसरा सीझन. पॉटर काउंटीत आमचा कँप, थँक्सगिव्हिंग नंतर सीझनचा पहिला दिवस, तेव्हा रायफल सीझन सोमवारी उघडायचा (आता २०१९ पासून शनिवारी उघडतो). दिवसभर काही नाही. संध्याकाळी गॅस पाइपलाइनच्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेला उभा होतो, उजेड मावळत चाललेला, नियमाने सूर्यास्तानंतर अर्धा तास मारता येतं त्यातली शेवटची दहा मिनिटं उरलेली. पट्ट्याच्या त्या टोकाला एक बक बाहेर आला. अंतर मोजायचा रेंजफाइंडर? गाडीत. मी मनात म्हटलं १८० असेल. मोकळ्या जागेत अंतर नेहमी कमी वाटतं हे मला कोर्समध्ये शिकवलेलं होतं, परीक्षेत ते उत्तर बरोबरही लिहिलं होतं. झाडाला नुसता खांदा टेकवला, श्वास आवरायच्या आत ट्रिगर ओढला. ओढला कसला, हिसडला.

हरीण पडलं नाही. पाठीला बाक आला, शेपूट खाली, आणि ते सावकाश चालत झाडीत गेलं. पाठ वाकवून चालत जाणं म्हणजे काय ते आता मला झोपेतही कळेल, गोळी पोटात लागली. तेव्हा मला फक्त "लागलं!" एवढंच कळलं.

मग दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. हेडलॅम्प लावून लगेच मागे. रक्त अगदी थोडं, पानांवर हिरवट चिकट काहीतरी, वास घाण. शहाण्या माणसाने तिथेच थांबून मागे वळायला पाहिजे होतं. मी दीडशे यार्ड आत गेलो तर समोरच्या झुडपातून ते उठलं. बसलं होतं बिचारं. मी तिथे गेलो नसतो तर रात्रीत तिथेच संपलं असतं, सकाळी जाऊन आणलं असतं, रात्र गोठवणारी होती त्यामुळे मांस खराब व्हायची भीतीही नव्हती. उठलं ते गेलं. पुढे रक्ताचा थेंब नाही.

कँपवर आमचे एक आजोबा आहेत, त्याच डोंगरात लहानाचे मोठे झालेले. ते ओरडले नाहीत. कॉफी ओतली आणि विचारलं, या वर्षी उभ्याने किती गोळ्या मारल्यास? मी विचार केला. एकही नाही. सगळ्या बेंचवर.

दुसऱ्या दिवशी दिवसभर दोघांनी रांग धरून शोधलं. रेंजफाइंडरने पट्टा मोजला, १८० नाही, २६०. म्हणजे गोळी खाली गेली ती अंतरामुळे आणि मागे गेली ती माझ्या हिसड्यामुळे. तिसऱ्या दिवशी कावळे घिरट्या घालताना दिसले म्हणून ओढ्याकडे उतरलो. कोयोटींनी (इथले कोल्ह्यासारखे जंगली कुत्रे) काही ठेवलं नव्हतं, बरगड्या आणि शिंगं. टॅग खिशात तसाच होता, कायद्याने मी पुढे शिकार करू शकत होतो. नाही केली त्या वर्षी. आईला फोनवर कधी सांगितलं नाही, ती एरवीच म्हणते, हरणाला कसं रे मारवतं तुला. नीट मारलेल्या हरणाबद्दल तिला उत्तर देता येतं, त्याबद्दल नसतं देता आलं.

आता माझी सवय: बार झाला की जागेवरून हलायचं नाही. हरीण शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं ते मनात पक्कं करायचं, मी उभा होतो तिथे फांदीला रिबिन. घड्याळ बघायचं, डब्यातला थेपला खायचा. अर्ध्या तासाने, डोळ्यासमोर पडलेलं नसेल तर, लागलं त्या जागेपर्यंत हळूच जायचं आणि रक्त बघायचं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस, हरीण जवळच पडलेलं असणार. गडद, काळपट लाल म्हणजे मटणवाल्याकडची कलेजी, तीन-चार तास थांबा. हिरवं, तपकिरी, वासाचं म्हणजे आतडी, मागच्या पावली परत, निदान आठ-दहा तास, संध्याकाळ असेल तर सकाळपर्यंत. "पण कोयोटी खातील" म्हणून लोक घाई करतात. खातीलही. तुम्ही उठवलंत तर नक्की खातील.

बाकीच्या, पटापट

स्कोप नऊवर, म्हणजे नऊपट मोठं दाखवेल असा, ठेवून चालणं. माझ्या एका पुणेकर मित्राने ६.५ क्रीडमोर रायफल घेतली, त्यावर ६ ते २४ चा तोफेसारखा स्कोप, आणि मादी आली ३० यार्डांवर. स्कोपमध्ये त्याला नुसते तपकिरी केस दिसले, पुढचा भाग की मागचा तेही कळेना, कळेपर्यंत ती गेली. तीन-चारवर ठेवा, लांबचं आलं तर वाढवायला वेळ मिळतो.

स्कोप दुर्बिणीसारखा वापरणं. म्हणजे काय हालतंय ते बघायला भरलेली रायफल त्याच्यावर रोखणं. ते हालणारं माणूस असू शकतं. असं करणाऱ्याला मी पुन्हा कँपवर बोलवत नाही, एकदाच सांगतो.

डोंगराच्या धारेवर उभं असलेलं हरीण. मागे आभाळ असेल तर मारायचं नाही, विषय संपला. रायफलची गोळी दोन मैलांच्या वर जाऊ शकते आणि पलीकडच्या उतारावर कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही.

दुकानात नेहमीची १५० ग्रेन मिळाली नाही म्हणून १८० ची घेतली आणि झीरो तपासलाच नाही. रायफल पडली, झीरो तपासलाच नाही. दोन्हीला औषध एकच, तीन गोळ्या आणि अर्धा तास.

डोक्यात किंवा मानेत मारणं, "मांस वाया जात नाही" म्हणून. जबडा फुटलेलं हरीण उपाशी मरायला दिवस लागतात. खांद्याच्या मागे, आडवं उभं असताना किंवा थोडं पलीकडे वळलेलं असताना. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा, पार्श्वभाग तुमच्याकडे असेल तर जाऊ द्या.

पळत्या हरणावर बार. नाही.

बाण मारणाऱ्यांनो, तुम्हीही हसू नका. वेगवान बाण सेकंदाला २८० फूट जातो, आवाज ११०० च्या आसपास. ३० यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज आधी ऐकू येतो, ते उडी मारायला खाली दबतं आणि बाण वरून जातो नाहीतर पाठीत बसतो. कान टवकारलेलं हरीण असेल तर माझ्यासाठी २० यार्ड म्हणजे लांब.

कायदेशीर वेळ आहे म्हणजे दिसतंय असं नाही. घड्याळ अजून दहा मिनिटं आहेत म्हणतं, पण हरणाच्या खांद्याची रेघ झाडापासून वेगळी दिसत नसेल तर माझा दिवस तिथे संपतो. आजूबाजूचे चार बार ऐकू येतात, येऊ देत.

आणि एक, हे कोणीच करत नाही. तुमच्या भागात माग काढणारं कुत्रं कोणाकडे आहे ते सीझनच्या आधी शोधून नंबर फोनमध्ये ठेवा. पेनसिल्वेनियात पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढायला परवानगी आहे. फक्त बोलवायचं असेल तर आधी बोलवा, स्वतः दोन तास इकडेतिकडे तुडवून, रक्त बुटांना लावून सगळीकडे पसरवून मग नाही, कुत्र्याला मग सगळ्या जंगलात तुमचाच वास येतो.