पिकअप बदलण्याआधी स्ट्रॅटचं वायरिंग बदला

ऑर्केस्ट्रात वाजवताना माझी करंगळी सतत व्हॉल्यूमच्या नॉबवर असते. गायक अंतरा धरतो तेव्हा सातवर यायचं, सोलोला पुन्हा दहावर. साध्या वायरिंगच्या स्ट्रॅटवर, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या इलेक्ट्रिक गिटारवर, नॉब उतरवला की आवाज कमी होतोच, शिवाय बोथटही होतो. मग लोक महागडे पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या) शोधू लागतात. माझं सांगणं एवढंच, की आधी आतलं वायरिंग नीट करा. बहुतेकांना पिकअप बदलायची गरजच उरत नाही.

गिटार उघडण्याआधी तिला केबल लावा, सगळे नॉब दहावर ठेवा आणि मल्टीमीटर २० के (किलोओहम) रेंजवर ठेवून केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगचं टोक आणि दांडा यांमध्ये मोजा. सिंगल कॉइल, म्हणजे एका गुंडाळीचा पिकअप, साधारण साडेपाच ते सात के दाखवतो. पिकअप निवडायचा स्विच दोन किंवा चारवर नेला की आकडा जवळपास निम्मा होतो, कारण तिथे दोन पिकअप समांतर जोडले जातात. आकडे असे येत असतील तर कॉइल शाबूत आहेत. वायरिंगचा फोटो काढा आणि मगच तारा उतरवून पिकगार्ड उचला.

पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टरच्या, पाठीवर काय छापलंय ते वाचा. स्वस्त गिटारींत बऱ्याचदा ‘बी ५०० के’ निघतो. सिंगल कॉइलला २५० केचा पॉट हवा. ५०० केने आवाज कानाला टोचतो. व्हॉल्यूमला मी ‘ए’ म्हणजे ऑडिओ टेपरच घेतो, त्याने आवाज कानाला सारखा चढता-उतरता वाटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत पॉट घेताना मीटर खिशात असू द्या. २५० केचा पॉट २०० ते ३०० पर्यंत काहीही दाखवू शकतो. जास्त आकड्याचा पॉट व्हॉल्यूमला लावा, तिथे तो वरचा स्वर मोकळा ठेवतो.

आता मूळ दुखणं. नॉब उतरवला की पिकअप आणि केबल यांच्यामध्ये मोठा रोध येतो, आणि केबलचा स्वतःचा कपॅसिटन्स वरचे स्वर गिळते. उपाय म्हणून व्हॉल्यूम पॉटच्या दोन पायांमध्ये, म्हणजे स्विचकडून तार येते तो आणि जॅककडे जाते तो, १५० केचा रेझिस्टर आणि १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडा. दुकानात ‘१०२’ मागितला की हाच कपॅसिटर मिळतो. सातवरही तारेचा खणखणीतपणा टिकतो. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यासाठी याहून मोलाचं काम मला माहीत नाही.

दुसरं काम ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या बाजूच्या, पिकअपचं. १९५४ साली फेंडरने स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा दोन टोन नॉब होते, पण ब्रिज पिकअपला एकही जोडलेला नव्हता. नेहमीच्या वायरिंगमध्ये आजही तसंच दिसतं. सर्वांत कर्कश पिकअप आणि त्यालाच लगाम नाही! स्विचच्या टोनकडच्या बाजूला ब्रिजचा पाय रिकामा असतो. त्यातून मधल्या पिकअपच्या टोनच्या पायाला छोटी तार टाका, झालं. टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा घ्या, त्यावर ‘२२३’ छापलेलं असतं.

सोल्डरिंगमध्ये सगळ्यांना त्रास देते ती पॉटची पाठ. आधी पॉलिश पेपरने घासा. २५ वॉटची गन तिथे पुरत नाही, ४० ते ६० वॉटची घ्या आणि काही सेकंदांत काम उरका, नाहीतर आतला कार्बनचा पट्टा जळतो. पाठीमागच्या स्प्रिंगच्या पट्टीकडून येणारी तार पॉटच्या पाठीवर परत लावायला विसरू नका. गिटारच्या तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते ती तिच्यामुळेच. उलट वाढली, तर जॅकवरच्या वायरी अदलाबदल झाल्यात.

तांब्याची चिकट पट्टी पोकळीत लावून ती ग्राउंडला जोडली की मांडवातल्या लाइटच्या डिमरची खरखर बरीच उतरते. विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण मात्र त्याने जात नाही. त्यासाठी मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा लागतो, तोही स्विच दोन आणि चारवर असतानाच उपयोगी.

तारा चढवण्याआधी अँपचा आवाज हळू ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर टकटक करा. स्विचच्या पाचही जागा तपासा. मग तारा चढवा आणि शेवटचा फ्रेट दाबून पिकअपची उंची बसवा: सहाव्या तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर, पहिलीखाली दोन.