अंधारात डोळे तयार व्हायला वेळ द्या

आकाशदर्शनाला गच्चीवर किंवा गावी गेलात की पहिल्या दोन मिनिटांत 'काही दिसत नाही' म्हणून खाली येऊ नका. डोळ्याच्या पडद्यातल्या दंडपेशी मंद उजेडात काम करतात. त्यांतलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होतं आणि पुन्हा तयार व्हायला साधारण 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्येच कुणी मोबाइल उघडला, की सगळी मेहनत वाया! (असा एक महाभाग प्रत्येक गटात असतोच.)

टॉर्च लागणारच असेल, तर तिच्यावर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबरबँडने बसवा. लांब तरंगलांबीच्या लाल उजेडाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही. उजेड मंद हवा, भगभगीत लाल दिवा उपयोगाचा नाही.

आता खरी गंमत. देवयानी दीर्घिकेसारखा (अँड्रोमेडा गॅलेक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा दूरचा समूह) पुसट ठिपका शोधताना त्याच्याकडे रोखून पाहू नका, जरा बाजूला पाहा. नजरेच्या नेमक्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच, त्या आजूबाजूला दाटीने असतात. त्यामुळे रोखून पाहिलं की ठिपका गायब आणि नजर थोडी सरकवली की हजर. सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश असा तिरक्या नजरेनेच सापडतो.

रात्री बाथरूमला उठताना दिवा लावावाच लागला, तर एक डोळा मिटून ठेवा. दोन्ही डोळे अंधाराला आपापले सरावतात, त्यामुळे परतताना तो मिटलेला डोळा कामी येतो.