लष्करी हद्दीलगतच्या पाण्याची माहिती कशी मागावी

देवळालीच्या तोफखाना सरावक्षेत्राच्या किंवा ओझरच्या विमानतळाच्या आसपास ज्यांची विहीर आहे, त्यांना पाण्यातील रसायनांविषयी आणि झालेल्या सफाईविषयी माहितीच्या अधिकारात विचारता येते. मात्र प्रश्न पाण्याविषयी असावा, तोफांविषयी नसावा. प्रदूषण आहेच असे गृहीत धरूनही अर्ज लिहू नये.

आधी काय शोधायचे ते ठरवावे. सरावक्षेत्रात टीएनटी, आरडीएक्स ही स्फोटके व दारूगोळ्यातील परक्लोरेट हा क्षार यांचे अवशेष, धावपट्टीजवळ अग्निशमन फेसातील पीफास (निसर्गात सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने) आणि कार्यशाळेपाशी ट्रायक्लोरोइथिलीनसारखी यंत्रभागांवरचे तेलकट डाग काढणारी द्रावके, ही जगभरच्या लष्करी जागांवर आढळलेली रसायने आहेत. नेहमीच्या तपासणीत कठीणपणा, नायट्रेट, जिवाणू पाहतात, ही रसायने पाहत नाहीत. म्हणून ‘पाणी पिण्यायोग्य’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये. अमेरिकेने २०२४ साली पीफोआ आणि पीफोस या दोन पीफास रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला ४ नॅनोग्रॅम (ग्रॅमचे अब्जांश भाग) ही मर्यादा ठरवली, यावरून तपासणी किती बारीक लागते हे कळेल.

त्यानंतर दोन स्वतंत्र अर्ज करावेत. देवळाली कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने तिथे केंद्राचे नियम लागू होतात आणि १० रुपयांची पोस्टल ऑर्डर चालते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. स्टॅम्प लावलेला अर्ज केंद्राकडे पाठवला की तो शुल्काअभावी परत येतो, आणि हा घोळ नेहमीचा आहे. राज्याच्या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे. अर्ज मराठीत चालतो, कारण सांगावे लागत नाही.

‘पाणी का बिघडले?’ असे विचारू नये, कारण हा कायदा कारणमीमांसा नव्हे तर हाती असलेली कागदपत्रे देतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘१ जानेवारी २०२० पासून हद्दीलगतच्या विहिरी व नाल्यांच्या पाण्याच्या तपासणीचे सर्व प्रयोगशाळा अहवाल, नमुन्याचे ठिकाण व तारखेसह, आणि माती वा पाणी स्वच्छ करण्यासाठी दिलेले कार्यादेश, यांच्या प्रती द्याव्यात.’

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. सुरक्षेचे कारण देऊन सगळेच नाकारले, तर अपिलात माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० चा आधार घेऊन नकाशे व ठिकाणांचा गोपनीय भाग वगळून उरलेले आकडे मागावेत, आणि कलम ८(२) प्रमाणे लोकहित दाखवावे. प्रथम अपिलाला ३० दिवस मिळतात, दुसऱ्याला ९०. उत्तराचा लिफाफा टाकू नये; मुदत उत्तर हाती आल्यापासून मोजतात आणि ती तारीख सिद्ध करायला त्यावरचा टपालाचा शिक्काच कामी येतो.