कॅलिफोर्नियात बेकारी भत्ता नाकारला? अपील करताना या चुका टाळा

फ्रीमॉन्टला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मित्राची नोकरी गेली. त्याने ईडीडीकडे, म्हणजे बेकारी भत्ता देणाऱ्या राज्याच्या खात्याकडे, क्लेम टाकला आणि काही दिवसांनी नकाराचं पत्र आलं. त्याने पाकीट फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवलं आणि दर दोन आठवड्यांनी करायचं सर्टिफिकेशन (म्हणजे अजून काम नाही, पण कामाला उपलब्ध आहे, असं ईडीडीला कळवणं) बंद केलं. "मिळणारच नाही तर भरायचं कशाला?" बायको मागे लागली म्हणून शेवटच्या दिवसांत अपील केलं आणि तो जिंकलासुद्धा. पण मधल्या सहा आठवड्यांचं सर्टिफिकेशनच नव्हतं, त्यामुळे नेमके तेच पैसे अडकले. इथे आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर मिळतात. भाडं भरणाऱ्या घराला सहा आठवड्यांची ती रक्कम लहान नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: अपिलाचा निकाल लागेपर्यंत सर्टिफाय करत राहा. अपील जिंकलं तरी पैसे मिळतात ते सर्टिफाय केलेल्या, पात्र आठवड्यांचे.

दुसरी चूक तारखेची. अपिलाला ३० दिवस असतात, आणि ते पत्र तुमच्या हातात पडल्यापासून नाही, नोटिशीवर छापलेल्या पाठवणीच्या तारखेपासून मोजतात. मुदत उलटली असली तरी अपील कराच. उशिराचं खरं कारण लिहा, जवळ असेल तर पुरावा जोडा. ते कारण पटण्यासारखं आहे का, हे न्यायाधीश आधी ठरवतात. अपिलाला फी नाही आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. नोटिशीसोबत येणारा डीई १०००एम हा फॉर्म किंवा साधं पत्रही चालतं. "हा निर्णय मला मान्य नाही" आणि कारणाच्या चार ओळी पुरतात. रागाच्या भरात पाच पानं लिहू नका. त्यातलं एखादं वाक्य पुढे सुनावणीत तुमच्याच सांगण्याशी विसंगत ठरतं.

आता खरी मेख. नोटिशीत कायद्याचं कलम दिलेलं असतं, ते नीट वाचा. १२५६ असेल तर प्रश्न नोकरी कशी सुटली याचा आहे. कंपनीने काढलं असेल, तर तुम्ही गैरवर्तन केलं हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. आणि काम कमी पडणं, टार्गेट न गाठणं, प्रामाणिकपणे झालेली चूक हे गैरवर्तन नाही. आपली माणसं इथेच फसतात. फोनवर अधिकाऱ्याने विचारलं की संकोचाने "माझंच चुकलं" म्हणून मोकळी होतात. चुकलं म्हणजे काय, मुद्दाम केलं की जमलं नाही, हे स्पष्ट सांगा.

तसंच राजीनाम्याचं. "राजीनामा द्या, नाहीतर काढतो" असं सांगून घेतलेला राजीनामा सहसा काढून टाकल्यासारखाच धरला जातो. पण क्लेममध्ये नुसतं "राजीनामा दिला" एवढंच लिहिलं, तर समोरच्याला ते कसं कळणार? ती मीटिंग कधी झाली, कोण होतं, काय म्हणाले, हे सगळं लिहा. खरोखर स्वतःहून सोडली असेल, तर सबळ कारण होतं आणि सोडण्याआधी नोकरी टिकवायचा प्रयत्न केला होता, हे तुम्हाला दाखवावं लागतं. एचआरला केलेली ईमेल, डॉक्टरांची चिठ्ठी, बदली मागितल्याचा मेसेज, असं सगळं जपून ठेवा. कंपनीचा लॅपटॉप परत गेला की त्यातल्या ईमेल हाताशी राहत नाहीत.

सुनावणी बहुतेक वेळा फोनवर होते, शपथेवर होते आणि रेकॉर्ड होते. आधी केसची फाइल मागून बघा, कंपनीने काय लिहून दिलंय ते त्यात असतं. "मला कुणीतरी सांगितलं" यापेक्षा स्वतः तिथे हजर असलेल्या सहकाऱ्याची साक्ष फार मोलाची. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषी मोफत मिळतो. मराठी हवी असेल तर नोटीस येताच कळवा. काही कारणाने सुनावणी चुकली, तर लगेच लेखी कारण देऊन पुन्हा लावण्याची विनंती करा.

भत्ता मध्येच थांबतो, त्यामागे आपल्याकडचं एक नेहमीचं कारण आहे. लेऑफ झाला, आता वेळ आहे, म्हणून माणूस पुण्याला आई-वडिलांकडे जातो आणि तिथून "कामाला उपलब्ध आहे" असं सर्टिफाय करतो. देशाबाहेर असलेल्या आठवड्यांचा भत्ता सहसा मिळत नाही. खोटं सांगितल्याचं ठरलं तर घेतलेले पैसे परत द्यावे लागतात आणि वर ३० टक्के दंड. प्रवास असेल तो आठवडा खरा सांगा, परत आल्यावर क्लेम पुढे चालू करता येतो.

व्हिसाची भीतीही अनेकांना अपिलापासून लांब ठेवते. हा विमा आहे. त्यासाठी कंपनी कर भरते, आणि ग्रीनकार्डच्या वेळी पब्लिक चार्जच्या, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का याच्या, हिशेबात तो धरत नाहीत. एच-१बी या वर्क व्हिसावाल्यांची गोष्ट मात्र वेगळी: कामाचा परवाना एकाच मालकाला बांधलेला, त्यामुळे "लगेच दुसरीकडे काम करू शकता का" या प्रश्नावर क्लेम अडकू शकतो. त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं.

न्यायाधीशांचा निकाल विरोधात गेला तर अपील बोर्डाकडे जायला पुन्हा ३० दिवस असतात. बोर्ड मुख्यतः आधीचंच रेकॉर्ड बघतं, नवा पुरावा सहसा घेत नाही. त्यामुळे जे कागद दाखवायचे ते पहिल्याच सुनावणीला टेबलावर असू द्या.