ओटीपी कुणालाच दिला नाही, तरी पैसे गेले: क्रेडिट कार्ड वापरताना या चुका टाळा

‘मी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही’ हे वाक्य कार्डाच्या तक्रार अर्जात हमखास असतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. गेल्या काही वर्षांत ओटीपी जपायचा हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. पण सगळी सावधगिरी त्या सहा आकड्यांभोवती गोळा झाली, आणि कार्डाच्या बाकीच्या खिडक्या उघड्याच राहिल्या. नुकसान किती होणार हे त्या खिडक्यांवर आणि पहिल्या काही तासांत तुम्ही काय करता यावर ठरतं.

ओटीपीशिवाय व्यवहार होतच नाही, असं धरून चालणं

भारतातल्या दुकानदाराच्या साइटवर कार्ड वापरताना दुसरी पडताळणी लागते. रिझर्व्ह बँकेने हे २००९ पासून सक्तीचं केलं आहे. परदेशी साइटचं तसं नाही. तिथे बऱ्याच ठिकाणी कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावरचे तीन गुप्त अंक) एवढ्यावर काम भागतं. काही ठिकाणी सीव्हीव्हीसुद्धा विचारत नाहीत.

मग नंबर चोराला मिळतो कुठून? कधी एखाद्या साइटची माहिती फुटते, कधी हॉटेलात कार्ड घेऊन गेलेला वेटर दोन्ही बाजूंचा फोटो काढतो. पण कार्ड कधी पाकिटाबाहेर पडलंच नसेल तरीही नंबर जुळवता येतो, आणि हेच अनेकांना पटत नाही. हिशेब करून बघा. कार्डावर सोळा अंक. पहिले सहा किंवा आठ अंक बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात. ते गुपित नसतात. शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून ठरावीक सूत्राने निघतो. आठ आणि एक वजा केले की उरले सात अंक, म्हणजे १ कोटी शक्यता. मुदतीचा महिना-वर्ष पुढच्या पाच वर्षांत धरला तर ६० पर्याय, सीव्हीव्हीचे १,०००. माणसाला हे अशक्य, संगणकाला नाही. तो शेकडो साइटवर थोडे थोडे प्रयत्न पसरून टाकतो, म्हणजे कुठल्याच साइटला संशय येत नाही. नंबर चालला की १ डॉलरचा व्यवहार करून कार्ड जिवंत आहे का ते तपासतो. मोठी खरेदी त्यानंतर.

इथे तुमची चूक असते ती एकच: आंतरराष्ट्रीय वापराचं बटण चालू ठेवणं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड येतं तेव्हा फक्त देशातलं एटीएम आणि दुकानातलं स्वाइप मशीन एवढंच सुरू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देणं हे ग्राहकाने स्वतः सुरू करायचं असतं. होतं काय, की कार्ड चालू करताना ॲपमधली सगळी बटणं एकदम हिरवी केली जातात आणि नंतर तिकडे कुणी फिरकत नाही.

बँकेच्या ॲपमध्ये कार्ड निवडा. ‘मॅनेज कार्ड’, ‘कार्ड कंट्रोल’ किंवा ‘युसेज’ अशा नावाचा भाग दिसेल. देशातल्या आणि परदेशातल्या वापराचे रकाने वेगळे असतात. परदेशाच्या रकान्यातलं ऑनलाइन, दुकान, एटीएम आणि टॅप, चारही बंद. देशातल्या रकान्यात एटीएम बंद करा. क्रेडिट कार्डावर काढलेल्या रोख पैशाला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, त्यामुळे ते बटण तसंही कामाचं नाही. मग ऑनलाइन मर्यादा. कार्ड ३ लाखांचं आहे म्हणून ऑनलाइन मर्यादाही ३ लाख ठेवायचं कारण नाही. महिन्यातली सर्वांत मोठी खरेदी १५ हजारांची असेल तर २० हजार पुरेत. विमानाचं तिकीट काढायचं असेल त्या दिवशी वाढवा आणि लगेच खाली आणा. ही मर्यादा एका व्यवहाराची आहे की दिवसभराची, ते नीट वाचा. काही ॲपमध्ये दोन्ही वेगळ्या असतात.

टॅपचं म्हणाल तर ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. रोज टॅप करत नसाल तर बंद, करत असाल तर मर्यादा १,००० वर आणा.

एक अडचण येते. किंमत रुपयांत दाखवणाऱ्या काही साइट पैसे परदेशातून वसूल करतात, त्यामुळे परदेशी बटण बंद केलं की दरमहा जाणारी एखादी वर्गणी अडते. अशा वर्गण्यांसाठी कमी मर्यादेचं वेगळं कार्ड ठेवणं हा सर्वांत कमी कटकटीचा उपाय. मुख्य कार्डाचं बटण त्यांच्यासाठी उघडं ठेवू नका.

ओटीपीच्या मेसेजमधले आकडे तेवढेच वाचणं

त्या मेसेजमध्ये आकड्यांखेरीज आणखी तीन गोष्टी असतात: रक्कम, दुकानदाराचं नाव आणि कशासाठी. फोन आकडे आपोआप भरून देतो, त्यामुळे बाकीचं वाचायची सवयच मोडली आहे. कुरियरचे अडकलेले ५ रुपये भरायला लावणारं बनावट पान घ्या. तुम्ही कार्डाची माहिती भरता, मागे बसलेला माणूस तीच माहिती खऱ्या साइटवर घालतो, आणि येणारा ओटीपी ४९,००० रुपयांचा असतो. मेसेजमध्ये ४९,००० लिहिलेलं असतं. तुमच्या डोळ्यासमोर मात्र पानावरचे ५ असतात.

याहून छुपा प्रकार म्हणजे रक्कमच नसलेला ओटीपी. ‘तुमचं कार्ड अमुक पेमेंट ॲपमध्ये जोडण्यासाठी’ असा तो मेसेज असतो. तो दिला की चोराच्या फोनमध्ये तुमचं कार्ड बसतं आणि मग तो तुम्हाला पुन्हा न विचारता दुकानात टॅप करत फिरू शकतो. रक्कम नसलेला ओटीपी हा जास्त धोक्याचा समजा. आणि हो, फोनवर बोलता बोलता समोरच्याने ‘दुसरा कॉल येतोय तो जोडा’ म्हटलं तर तो दुसरा कॉल ओटीपी वाचून दाखवणारा असू शकतो. तुम्ही तोंड न उघडता त्याने ऐकला.

२ रुपयांचा मेसेज सोडून देणं

‘काहीतरी कापले असतील’ म्हणून सोडून दिलेला छोटा व्यवहार ही बऱ्याचदा वर सांगितलेली चाचणी असते. अनोळखी दुकानदाराच्या नावाने २ रुपये गेले तरी कार्ड लगेच ॲपमधून तात्पुरतं बंद करा. याला एक मिनिट लागतो, आणि व्यवहार तुमचाच निघाला तर तेवढ्याच वेळात कार्ड परत चालू होतं.

बँकेकडे नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही चालू आहेत ना, हे वर्षातून एकदा तपासा. दुबई, लंडन किंवा सिंगापूरला राहणाऱ्या, पण भारतातलं कार्ड जवळ ठेवलेल्या मंडळींचं इथे अडतं: इकडचं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि मेसेज कुणी वाचत नाही. त्यांनी ईमेल आणि ॲपच्या सूचना चालू ठेवाव्यात, आणि कार्ड लागत नसेल तर पूर्ण बंद ठेवावं.

फोनचं नेटवर्क कारण नसताना तास-दोन तास गायब असेल तर दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला विचारा, तुमच्या नावावर नवं सिम तर निघालं नाही ना.

घाईघाईत गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं

पैसे गेले की हात थरथरतात आणि माणूस शोधात पहिला दिसेल तो नंबर लावतो. तो दुसऱ्या टोळीचा असू शकतो. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणत तुमची स्क्रीन त्यांना दाखवणारं ॲप टाकायला लावतात. कार्डाच्या मागे छापलेला कस्टमर केअरचा नंबर आजच फोनमध्ये साठवा, घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही. कार्डाच्या मागचा फोटो मात्र साठवू नका, त्यावर सीव्हीव्ही असतो. बँकांच्या साइट आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर आहेत आणि बँकांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठेवलेले आहेत. साध्या दहा अंकी मोबाइलवरून ‘कार्ड विभागातून बोलतोय, तुमची लिमिट वाढली आहे’ म्हणणारा माणूस कितीही गोड बोलला तरी फोन ठेवा.

फोनमधली घाण आधी पुसायला जाणं

व्हॉट्सॲपवर आलेली वाहतूक दंडाची किंवा लग्नपत्रिकेची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडली गेली असेल, तर तिला मेसेज वाचायची परवानगी मिळालेली असू शकते. म्हणजे ओटीपी तुम्ही न सांगताच बाहेर जातो. अशा वेळी फोन लगेच रिसेट करणं ही चूक, कारण पुरावाही पुसला जातो. क्रम असा ठेवा: फोन फ्लाइट मोडवर, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड बंद. मग त्या ॲपचं नाव, मेसेज आणि फाइल कुणाकडून आली त्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. मगच ॲप काढा आणि नेट बँकिंगचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. कॉल कुठे वळवलेले असतील तर ##००२# डायल करून ते रद्द करा.

कार्ड ब्लॉक केलं की झालं, असं समजणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. ब्लॉक केल्याने पुढचे व्यवहार थांबतात. झालेल्या व्यवहारावर तुमचा आक्षेप मात्र नोंदला जात नाही. स्वयंचलित फोनवर बटणं दाबून कार्ड बंद केलं, मेसेज आला, माणूस निश्चिंत. तीन आठवड्यांनी बिल येतं तेव्हा कळतं की तक्रार कुठेच नव्हती.

ब्लॉक आणि तक्रार यांचे नंबर वेगळे असतात. दोन्ही मागा. तक्रार नोंदवताना ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हाच प्रकार निवडा. ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘दोनदा पैसे कापले’ हे प्रकार दुकानदाराशी झालेल्या वादाचे आहेत; ते निवडले की व्यवहार तुम्हीच केला असा अर्थ निघतो. ओटीपी फसून दिला गेला असेल तर ते लपवू नका, बँकेकडे नोंद असतेच. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल करा: कार्डाचे शेवटचे चार अंक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, दुकानदाराचं नाव, मेसेज किती वाजता आला, कार्ड किती वाजता बंद केलं. परदेशी व्यवहार ‘पेंडिंग’ दिसत असेल आणि ‘तो पक्का झाल्यावर या’ असं सांगितलं गेलं, तरी आज कळवल्याचा ईमेल आजच गेला पाहिजे.

कारण घड्याळ. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने मुदती घालून दिल्या आहेत. दोष तुमचा नाही आणि बँकेचाही नाही, गडबड मध्येच कुठेतरी झाली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीही बोजा नाही. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळवलंत तर ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून मोठ्या कार्डावर २५,००० रुपये तुमच्या अंगावर. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण सांगेल तसं. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. गुरुवारी रात्री मेसेज आला आणि पुढचा शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा असेल तर शुक्रवार पहिला दिवस, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. दोष बँकेचाच असेल तर तुम्ही कळवलं नसलं तरी बोजा शून्य. ओटीपी तुम्ही दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेखातर घालवलेला अर्धा तासही पैशात मोजला जातो.

बँकेबरोबरच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरत असतात, आणि ते मध्येच गोठवता येतात ते पहिल्या काही तासांत. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या पोर्टलवर तक्रार पूर्ण करून तिची पोचपावती बँकेच्या ईमेलला जोडा.

बिलच न भरणं, किंवा सगळं आपोआप भरलं जाणं

रागाने पूर्ण बिल थांबवलं तर तुमच्या खऱ्या खरेदीवरही व्याज चढतं, तेही खरेदीच्या तारखेपासून, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वादातली रक्कम वजा करून बाकी सगळी वेळेत भरा आणि तसं ईमेलने कळवा. फसवणूक म्हणून आक्षेप घेतलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे कार्डविषयक निर्देश सांगतात. तरी लावलं तर त्याच ईमेलखाली उत्तर द्या. उलट, बचत खात्यातून बिल आपोआप भरायची सोय असेल तर ती आधी थांबवा, नाहीतर चोरीची रक्कमही निघून जाईल.

ॲप त्या वादातल्या रकमेवर ‘ईएमआय करून घ्या’ असं सुचवत राहील. करू नका. हप्ते केले म्हणजे व्यवहार तुम्ही मान्य केला, असं म्हणायला जागा होते.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती परत जमा करायची असते. ती निकाल नव्हे. चौकशीला ९० दिवसांची मुदत असते आणि निर्णय विरुद्ध गेला तर ती रक्कम पुन्हा वजा होते, म्हणून तेवढी बाजूला ठेवा. ‘व्यवहार ओटीपीने झाला’ एवढंच उत्तर आलं तर तो कोणत्या नंबरवर, किती वाजता गेला आणि कशासाठी होता याची लेखी माहिती मागा. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम त्या परिपत्रकाप्रमाणे बँकेचं आहे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकीलही लागत नाही.

नवं कार्ड हातात आलं की ॲपमध्ये दोन याद्या उघडा: कोणकोणत्या दुकानदारांकडे कार्डाचं टोकन (नंबराऐवजी साठवलेला सांकेतिक क्रमांक) आहे, आणि कोणत्या वर्गण्यांना आपोआप पैसे घ्यायची परवानगी आहे. अनोळखी नाव दिसलं तर काढून टाका. त्यानंतर परदेशी वापराचा रकाना उघडून चारही बटणं बंदच आहेत ना, ते बघा.