गिफ्टमधलं ऑर्किड घरात कसं जगवायचं

फुलं झडली म्हणून ऑर्किड फेकून देऊ नका, बहुतेक वेळा ते जिवंत असतं. आपल्याकडे गिफ्टमध्ये येतं ते बहुतेक फॅलेनॉप्सिस. मूळचं फिलिपिन्स, इंडोनेशियाकडच्या जंगलातलं, तिथे ते झाडाच्या खोडाला मुळांनी धरून राहतं. बांडगूळ नव्हे हं! बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसता आधार घेतं, आपल्याकडे आंब्यावर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड असतं ना, तसंच. म्हणजे मुळांना हवा लागते, मातीत लावलं की कुजणारच. मी पहिलं असंच मारलं, लाल माती, शेणखत, रोज तांब्याभर पाणी, महिन्याभरात खल्लास.

आधी कुंडी बघा. खाली भोकं हवीत, पारदर्शक प्लास्टिकची असेल तर बेस्ट कारण मुळं दिसतात. फुलं संपली की आतलं घट्ट बसलेलं ओलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) काढा, काळी पिचपिचीत मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि झाडाच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा, थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे असं भरा. दाबायचं नाही.

आता पाणी, सगळी गडबड इथेच होते. वार ठरवून घालू नका, मुळं बघा, चंदेरी दिसली की तहान लागलीय, हिरवी असली की थांबा. कुंडी 10-15 मिनिटं पाण्यात ठेवायची आणि पूर्ण निथळू द्यायची, खालच्या बशीत पाणी साचू द्यायचं नाही. मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर टिपून घ्या, नाहीतर शेंडाच कुजतो. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर हात आणखी आवरता घ्या.

जागा पूर्वेच्या खिडकीत, दुपारचं ऊन नको, पानं भाजतात. पण पानं गर्द हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय असं समजा. खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं), पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळं ओली असताना.

परत फुलं हवीत तर थंडीत रात्रीचा गारवा लागू द्या, साधारण 16-18 डिग्री काही आठवडे मिळाले की पानाखालून दांडा निघतो. पुण्या-नाशकात हे आपोआप होतं, मुंबईवाल्यांनी जरा धीर धरा. सुरुवातीला तो दांडा मुळासारखाच दिसतो, पण त्याचं टोक चपटं असतं, उत्साहात कापू नका, मी कापलाय.