'कझन' करणे : एका जुन्या इंग्रजी शब्दाचं मूळ कसं तपासावं

फसवणुकीसाठी इंग्रजीत 'कझन' हे जुनं क्रियापद आहे. उच्चार चुलत-मामेभावंडांच्या 'कझन'सारखाच. आजच्या स्पेलिंगात नात्याला एस, फसवणुकीला झेड. दोन्ही शब्द मुळात एकच का, हे असं तपासावं.

आधी झेडवर विसंबू नका. 16व्या शतकात स्पेलिंग ठरलेलं नव्हतं. लंडनच्या भामट्यांवर रॉबर्ट ग्रीनने 1591 मध्ये काढलेल्या पुस्तिकेच्या नावातच 'कझनिज', म्हणजे ठकबाजी, हा शब्द दोन ओ आणि एस घालून छापला आहे. तेव्हा स्कॅन केलेल्या पुस्तकांत झेड, एस, ओ-यू, दोन ओ अशी सगळी रूपं शोधा. एसच्या जागी एफ घालूनही पाहा : शब्दामधला एस त्या काळी लांब दांडीचा छापत आणि संगणक तो एफ वाचतो. हे राहिलं की जुन्या नोंदी हातच्या जातात.

मग प्रत्येक वाक्याची रचना बघा. माणसानंतर 'ऑफ' आणि वस्तू आली, तर ती नुसती थाप नाही, काही लुबाडलेलं आहे. आपण 'दहा हजारांचा गंडा घातला' म्हणतो, तसं. भाषांतरात इथे 'गंडा घालणे' किंवा 'नाडणे' घ्या. 'फसवणे' मिळमिळीत होतं.

व्युत्पत्तीचे दावेदार दोन. फ्रेंच 'कुझिने' : स्वार्थासाठी नातं सांगणे. कॉटग्रेव्हच्या 1611च्या फ्रेंच-इंग्रजी कोशात प्रवासाचा खर्च वाचवायला घरोघरी मालकाचा भाऊबंद म्हणून उतरणारा माणूस त्याने उदाहरणाला घेतला आहे. उच्चार जुळतो, पण हा अर्थ फुकटेपणाचा आहे, लुबाडण्याचा नाही, आणि इंग्रजी क्रियापद या नोंदीआधीच रुळलेलं होतं. दुसरा इटालियन 'कोत्सोनारे' : 'कोत्सोने' म्हणजे घोड्यांचा व्यापारी, त्यामागे लॅटिनमधला 'दलाल'. अर्थ चांगला बसतो, पण आघात आणि स्वर बदलावे लागतात. मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकन इंग्रजी कोश इटालियन मूळ देतो, तेही 'कदाचित' लावून.

इथे बहुतेकजण श्लेषाला पुरावा समजतात. शेक्सपिअरच्या 'तिसरा रिचर्ड'मध्ये (अंक 4, प्रवेश 4) मारल्या गेलेल्या राजपुत्रांची आई राणी एलिझाबेथ म्हणते, 'कझन' खरेच, आणि काकानेच त्यांना 'कझन' केलं. बोलणं रिचर्डच्या पुतण्यांचं आहे. त्या काळी पुतण्यालाही कझन म्हणत. यावरून उच्चार सारखे होते एवढंच ठरतं, मूळ नव्हे.

आपल्या 'मामा बनवणे'चाही मोह होतो. पण मराठीत फसणारा मामा होतो, फ्रेंचमध्ये फसवणारा भाऊबंद. साम्य गोड आहे, व्युत्पत्तीला निरुपयोगी.

आमच्या मते फ्रेंच बाजू थोडी जड आहे. टिपणात मात्र असं लिहा : 'मूळ अनिश्चित, बहुधा फ्रेंच, पर्याय इटालियन', आणि सापडलेली सर्वांत जुनी नोंद सालासकट, मूळ स्पेलिंग न सुधारता उतरवा.